हात राखून

रोज संध्याकाळी सराव संपला की सत्तावन्न हेल्मेटं माझ्यापुढे येतात. ती पुसायची, आतल्या गाद्या वाळवायच्या, ढिले स्क्रू आवळायचे आणि कपाळावरचे ओरखडे बघायचे. हे शेवटचं काम मला कोणी सांगितलेलं नाही, एकतीस वर्षांत लागलेली खोड आहे. कोण किती जोरात भिडला, कोण कडेकडेने निसटला, कोण नुसताच आरडाओरडा करत होता, हे कोचच्या व्हिडिओच्या आधी मला कळतं. ओरखड्यांची मी एका वहीत नोंद ठेवतो. वही कोणाला दाखवत नाही. दाखवली तर अर्धी टीम माझ्याशी बोलायची बंद होईल, आणि उरलेली अर्धी लाडीगोडी लावायला येईल, जे त्याहून वाईट.

यंदाच्या मार्चमधल्या शिबिरात बाराव्या दिवसाची नोंद अशी होती: लुशियस मॅकऑली, चौतीस. ग्रेडी फॉन्टेनो, एकोणीस. मर्ना कोवाल्चिक, शून्य.

शून्य. आमचा फुटबॉल हाताने खेळायचा आणि अंगाने सोसायचा. बारा दिवस त्यात काढून हेल्मेट दुकानातून नुकतं आणल्यासारखं कोरं राहिलं, तर कुठेतरी काहीतरी शिजतंय असं समजावं. आमच्या किकरला कोणी बोटसुद्धा लावत नाही, त्याच्याही नावावर चार ओरखडे होते. त्यातले दोन त्याने बसच्या दारात डोकं आपटून कमावले होते, पण ते असो.

आमची टीम म्हणजे हार्लन फोर्डची टॅनर्स. हार्लन फोर्ड हे ओहायोतलं गाव, आणि आमची वसंतात चालणारी छोटी लीग. मोठ्या लीगमधून गळलेले, पण आशा न गळलेले पुरुष आमच्याकडे येतात. बाई आली ती ही पहिलीच. मर्ना टोलेडोची, वय एकोणतीस, वजन एकशे शहाण्णव पौंड. पोटासाठी घरांची छपरं घालायची, आणि बायकांच्या टीममध्ये आठ वर्षं खेळली होती. तिचं काम स्नॅपरचं. खाली वाकून दोन पायांमधून चेंडू पंधरा यार्ड मागे किक मारणाऱ्याच्या हातात पोचवायचा, तोही एका सेकंदाच्या आत. मग मान वर करायची, तर समोरून एक म्हैस अंगावर येत असते, तिला जमेल तेवढा वेळ थोपवायचं. पहिल्या अर्ध्या कामात मर्ना उस्ताद होती. मी घड्याळ लावून बघितलं होतं. ग्रेडीचा चेंडू पोस्टातल्या पत्रासारखा जायचा, बहुधा पोचायचा. तिचा हातात ठेवल्यासारखा जायचा.

जागा मात्र एकच होती. ग्रेडी किंवा मर्ना.

मालकाची गाद्यांची तीन दुकानं. त्याला मर्ना पोस्टरवर हवी होती. कोच गट्रीला ती मैदानावर नको होती. तो म्हणायचा, "उद्या हिची मान मोडली तर टीव्हीवर माझा फोटो लागणार, मालकाचा नाही." गावात न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे मला विचारायचे, "काय डेल, बायकांनी खेळावं का रे पुरुषांत?" मी म्हणायचो, "मला विचारशील तर पुरुषांनीही खेळू नये." लोक हसायचे. सगळ्यांना मर्नाबद्दल मत होतं. तिच्या खेळाबद्दल कोणालाच नव्हतं, कारण तो कोणी बघितलाच नव्हता. समोरचे लोक हात राखून खेळत होते.

तेराव्या दिवशी, बुधवारी, ती सामानाच्या खोलीत आली. केस ओले, हातात कॉफीचा कागदी पेला.

"डेल, तुम्ही हेल्मेटं बघता म्हणे."

"पुसतो."

"लुशियस म्हणतो, बघता. वही आहे म्हणतो."

"लुशियस तीनशे एकतीस पौंडांचा आहे. त्यातले वीस पौंड नुसती जीभ आहे."

ती हसली नाही. "माझं दाखवा."

मी काढून दिलं. तिने ते ट्यूबलाइटखाली धरून सावकाश फिरवलं. मग शेजारचं ग्रेडीचं उचललं, मग लुशियसचं. लुशियसचं हेल्मेट म्हणजे बाजारातल्या मांजरांनी नखं घासायला ठेवलेलं लाकूड. तिन्ही परत जागेवर ठेवली आणि धुण्याच्या गठ्ठ्यावर बसली.

"मला वाटत होतं, जमतंय," ती म्हणाली. "खरंच. चौथ्या-पाचव्या दिवशी घरी फोन करून सांगितलं पण, की हे लोक ऐकून होते तेवढे भारी नाहीत."

मी एका जर्सीवरचा चिखल नखाने काढत राहिलो.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"मी कपडे धुतो, बाई. कोण कोणाला धुतो ते बघायला कोच आहे."

हे वाक्य माझं नेहमीचं. या खोलीत टिकून राहायचं तर असं एक वाक्य जवळ लागतं.

"ऐका," ती म्हणाली. "शनिवारी आपसातला सामना आहे. सोमवारी यादी. मी कमी पडले तर पडले. घरी जाईन, छपरं घालीन, तक्रार नाही. पण कमी पडले की नाही हे कळायला तर हवं? पोस्टरसाठी ठेवलं तरी मला कळणार नाही, मान मोडेल म्हणून काढलं तरी कळणार नाही. आठ वर्षं मी हेच विचारत आलेय. मला कोणीतरी एकदा खरं भिडायला हवंय."

"लुशियसशी बोल," मी म्हटलं. तेवढंच बोललो, आणि तेवढ्यानेही मला दमल्यासारखं झालं.

आमचं जेवण चर्चच्या तळघरात असायचं. त्या संध्याकाळी भाजलेल्या खिम्याची लादी, कुस्करलेले बटाटे आणि हिरव्या शेंगा होत्या. लुशियसने दोन ताटं घेतली होती, नेहमीसारखी. मर्ना आपलं ताट घेऊन बरोबर त्याच्या समोर बसली. मी त्याच टेबलाच्या टोकाला होतो.

"लुशियस, तू मला भिडत का नाहीस?"

"भिडतो की."

"तू बाजूला होतोस. आजीला दार उघडून द्यावं तसा."

टेबलावर हसू फुटलं. लुशियसने काटा खाली ठेवला नाही. "संस्कार आहेत माझ्यावर."

"ग्रेडीला आडवा करतोस तेव्हा कुठे जातात संस्कार?"

"ग्रेडीला बघितलंस ना नीट? त्याला आडवा करणं म्हणजे समाजसेवा."

"ए जाड्या, ऐकू येतंय मला!" पलीकडच्या टेबलावरून ग्रेडी ओरडला. "तुझी समाजसेवा माझ्या पाठीला विचार!"

ग्रेडी एकतीस वर्षांचा होता. लुइझियानाचा. चार टीम फिरून आमच्याकडे आलेला. आमच्यानंतर फिरायला कुठली टीम उरली नव्हती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं, पण तो ते पाठीवर टाकून हिंडायचा, शाळेचं दप्तर टाकावं तसं.

हसणं ओसरल्यावर लुशियस पुढे झुकला आणि आवाज उतरवून बोलला. "हे बघ मर्ना. मी कसा दिसतो ते तुला दिसतंय. समजा, मी तुला उडवली, आणि मैदानाच्या कठड्यावरच्या एखाद्याने ते फोनवर काढलं. रात्रीपर्यंत मी देशभर. बाईला चिरडणारा राक्षस. माझ्या आईने चर्चमध्ये तोंड कुठे लपवायचं? बरं, समजा मी जीव तोडून आलो आणि तू मला थोपवलंस. मग तर माझं संपलंच. मला शाळेतली पोरं शिकवायलासुद्धा कोणी घेणार नाही. म्हणजे दोन्हीकडून मेलो मीच. त्यापेक्षा बाजूला झालो, तू सुखी, मी सुखी."

"मी सुखी नाहीये."

"मग निदान मी तरी राहू दे."

"तू बाजूला होतोस, आणि माझी सोमवारची यादी तू लिहितोस. कळतंय का तुला?"

लुशियसने दुसरं ताट पुढे ओढलं. "गेल्या वर्षी मला दोनदा हाकललंय, पोरी. मला इथं टिकायचंय. तू दुसरा कोणीतरी गाठ."

दुसरा कोणी नव्हता. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. वहीत तिच्या नावापुढचं शून्य काही हललं नाही.

शनिवारी थंडी होती, मैदान अर्धं गोठलेलं, आणि कठड्यावर दीडदोनशे माणसं. त्यांतली निम्मी फक्त तिचे फोटो काढायला आलेली. पहिली किक. मर्ना वाकली. आमच्या लीगमध्ये स्नॅपरच्या अगदी डोक्यावर माणूस उभा करायला बंदी नाही, आणि तिच्या डोक्यावर लुशियस उभा होता. चेंडू सुटला, सणसणत गेला. लुशियस हात पसरून सभ्यपणे डावीकडे सरकला.

मर्नाने त्याला सरकू दिलं नाही. ती खालूनच उठली आणि त्याच्या पोटात घुसली, सगळ्या एकशे शहाण्णव पौंडांनिशी. तो एका पायावर होता. हात पसरलेले. तसाच उताणा गेला, आणि जमिनीने त्याचं स्वागत केलं ते आम्हाला कठड्यापर्यंत ऐकू आलं.

मग काय! कठडा ओरडला, बाकावरचे एकमेकांच्या खांद्यावर पडून हसू लागले. सगळ्यात मोठा आवाज ग्रेडीचा. "लुशियस, आजी आत गेली का रे?"

कोच गट्रीने तोंडातली शिट्टी काढली. "मॅकऑली, उठतोस का खाट पाठवू?"

लुशियस उठला. हेल्मेट सारखं केलं. मर्नाकडे बघून काहीतरी पुटपुटला. मला वाटतं, त्याने माफी मागितली. पुढे जे झालं त्याची आगाऊ.

दुसऱ्या किकला तो आला. खरा आला. पोतं गच्चीवरून खाली टाकल्यावर होतो तसा आवाज झाला आणि मर्ना त्याच्याखाली दिसेनाशी झाली. चेंडू मात्र केव्हाच मागे पोचला होता. तिला उठायला वेळ लागला. आधी गुडघा, मग हात, मग बाकीची.

"बरी आहेस?" लुशियसने हात पुढे केला.

"परत विचारलंस तर परत पाडीन."

अशा सहा वेळा. मी मोजत होतो. तीनदा तो तिच्यावरून गेला. दोनदा तिने त्याला एवढा वेळ अडकवला की तोवर किक मारून झाली. आणि एकदा, पाचव्यांदा, ती त्याच्या छातीखाली शिरून तशीच उभी राहिली, आणि तोही उभा राहिला, दोघं दारात अडकलेल्या कपाटासारखी. नंतर ग्रेडीची पाळी. त्यालाही लुशियसने तीनदा तुडवलं, आणि त्याचा एक चेंडू किक मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला. माझ्या वहीत दोघं भिडण्यात उन्नीस-बीस, चेंडूत मर्ना पुढे. कोचही वही ठेवतो, त्याची काही वेगळी नसणार.

फोनवाल्यांनी शेवटी पाठवलं ते पहिलंच दृश्य, लुशियस उताणा. ते देशभर फिरलं. त्याची आई म्हणे दोन दिवस हसत होती.

रविवारी सुट्टी. मी खोलीत धुणं वाळत घालत होतो. मर्ना आली, पण दार उघडताना डावा हात तिने अंगाशी धरला होता आणि उजव्याने मूठ फिरवली. मी एवढ्यावरून ओळखलं.

"बरगड्यांना बांधायचं ते जाड कवच आहे का हो? जर्सीखाली दिसत नाही ते?"

खालच्या कप्प्यात आहे. तो कप्पा डॉक्टरला माहीत नाही, किंवा माहीत असून तो त्या बाजूला बघत नाही. त्यातून मी आजवर दोनशे चौदा दिली आहेत. नावं लिहीत नाही, फक्त आकडा. दोनशे चौदांतले बरेचसे धडधाकट आहेत. एकाचं फुप्फुस फाटलं. तो आता डेटनला असतो आणि जिना चढताना मध्ये थांबून फोन बघण्याचं नाटक करतो. त्याने मागितलं, मी दिलं. मला कोणी काही विचारलं नाही.

"डॉक्टरला दाखवलंस?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "ग्रेडीने मागितलं असतं तर हे विचारलं असतंत?"

"नाही."

"मग?"

मी म्हणणार होतो, घरी जा पोरी. सगळ्यांना दिसलं तू काय आहेस ते, आता हाडं सांभाळ. तोंडाशी आलंच होतं. मग हिशेब मनात आला. दोनशे चौदांपैकी एकालाही मी हे म्हटलेलं नव्हतं. तिलाच का म्हणणार होतो, याचं एकच उत्तर होतं, आणि ते शनिवारपर्यंत लुशियसच्या पायांत होतं तेच.

मी खाली वाकलो, कवच काढलं, पट्टे तिच्या मापाचे केले. कसं बांधायचं ते दाखवलं. "श्वास सोडून मग आवळायचं. आणि हसवणाऱ्यांपासून लांब राहा."

ती गेल्यावर वहीत दोनशे पंधरा लिहिलं. वही मिटली तरी हात तिच्यावरून उचलेना.

तासाभराने कोच आला. धुण्याच्या यंत्राला टेकून उभा राहिला. पंचवीस वर्षं मी या माणसाचे मोजे धुतोय, तो काय विचारणार ते त्याच्या उभं राहण्यावरून कळतं.

"तिने जागा मिळवली," तो शेवटी म्हणाला. "मला आवडलेलं नाही. पण मिळवली, नाही कशाला म्हणू?"

"हं."

"फक्त मोडलेली असेल तर मला तिचा उपयोग नाही. मग मी ग्रेडीला ठेवतो. डॉक्टर म्हणतो, ती त्याच्याकडे फिरकलीच नाही. डेल, तुझ्याकडे सगळे येतात. खरं सांग. ती धड आहे ना?"

खोलीत यंत्राची घरघर चालू होती. हो म्हणालो तर खोटं. नाही म्हणालो तर तिची आठ वर्षं तिथेच धुतली गेली.

"मी कपडे धुतो, कोच," मी म्हटलं.

एकतीस वर्षं हे वाक्य मी शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय, त्याचं वजन कधी लागलं नव्हतं. कोचने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि गेला.

टीममध्ये माझ्याकडे आणखी एक काम आहे. यादी झाली की ज्यांची नावं गळली त्यांच्या दारावर थाप मारायची. असा निरोप्या प्रत्येक टीममध्ये असतो, त्याला तुर्क म्हणतात. का म्हणतात कोण जाणे. जे राहिले त्यांना कोणी काही सांगत नाही. थाप आली नाही म्हणजे राहिलात.

सोमवारी सकाळी सहाला मी महामार्गावरच्या मोटेलच्या सज्जावर चढलो. पाच नावं होती. तिसरं ग्रेडीचं.

मी हात उचलायच्या आत दार उघडलं. पलंगावर बॅग भरलेली. तो एक बूट घालून बसला होता.

"या, तुर्कसाहेब. गुडघे दुखतात का जिने चढून?"

"कोच बोलावतायत. डावांची वही जमा करायला घेऊन चल."

"चला." त्याने दुसरा बूट ओढला. नाडी बांधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग खाली बघतच म्हणाला, "तिची डावीकडची बरगडी गेलीय. माहीत आहे ना तुम्हाला?"

मी सज्जाच्या कठड्याला टेकलो.

"शनिवारी बसमध्ये माझ्या शेजारी होती. खड्डा आला की श्वास धरायची. माझी गेली होती दोन वर्षांपूर्वी, मला न सांगता कळतं. सहा आठवड्यांचं काम आहे ते."

"ग्रेडी," मी म्हटलं, "हे तू कोचला सांगितलं असतंस तर आज मी या दारात नसतो."

त्याने मान वर केली. मी त्याच्या आईबद्दल काही वावगं बोललो असावं, तसा चेहरा झाला.

"म्हातारबा, आपल्यातल्या माणसाचं दुखणं कोणी वर सांगतं का?"

त्याने बॅग खांद्याला लावली, वही बगलेत मारली. सज्जावरून जाताना चार दारं सोडून मर्नाची खोली. पडद्याआड दिवा होता. कपडे घालून, बॅग भरून, दाराकडे तोंड करून ती पलंगाच्या कडेवर बसलेली असणार. सगळे तसेच बसतात. मला तिथून न थांबता पुढे जायचं होतं, तसा दंडक आहे. ग्रेडीला आता कुठलाच दंडक नव्हता.

तो दाराशी थांबला आणि म्हणाला, "झोप गं मर्ना. तुर्क पुढे गेला."

आतून एक खोकला आला, अर्ध्यातच तोडलेला. ग्रेडीने माझ्याकडे बघितलं. मी यादीकडे बघितलं. अजून दोन दारं बाकी होती.